पैसे कुठून आणणार?

2022 सालची घटस्थापना. सोमवार, 26 सप्टेंबर. घट बसले होते, पहिली माळ चढली होती, संध्याकाळच्या आरतीची तयारी चालू होती आणि फोन वाजला. पलीकडे इंग्लंडमधली माझी भाची. ती लीड्सजवळ राहते, एका हॉस्पिटलात नोकरी करते. एरवी तिचा फोन रविवारी, निवांत. सोमवारी, तेही तिच्या कामाच्या वेळेत फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

“मावशी, घाबरू नकोस. घरातले सगळे ठीक आहेत,” ती म्हणाली. “पण घराचं काही खरं नाही.”

मग तिनं सांगितलं ते असं. तिकडे गृहकर्जाचा व्याजदर बहुतेकदा दोन किंवा पाच वर्षांपुरताच ठरलेला असतो. ती मुदत संपली, की त्या वेळच्या दरानं पुन्हा नव्यानं ठरवायचं. हिची मुदत नोव्हेंबरात संपत होती. कर्ज दोन लाख पौंडांचं, फेडायला 25 वर्षं. दोन टक्के दरानं महिन्याला साडेआठशे पौंडांच्या आसपास हप्ता जात होता. महागाईमुळे तेव्हा जगभरच दर चढत होते. त्यामुळे आता साडेचार टक्के पडणार, हप्ता अकराशेवर जाणार, हे दोघांनी मनाशी धरलं होतं. मुलाचा पोहण्याचा क्लास बंद, भारतात यायचं एक वर्ष पुढे, असा हिशेबही मांडून झाला होता. आणि त्या सोमवारी बँकेनं तो साडेचारचा दरच मागे घेतला. नवा दर कधी सांगणार? तेही सांगायला तयार नाहीत.

“आणि कारण काय माहितीय? आमच्या सरकारनं शुक्रवारी लोकांचे कर कमी केले!”

मी चक्रावलेच. कर कमी केले तर लोकांच्या हातात पैसे जास्त यायला हवेत. हप्ता कसा वाढेल? पण मैत्रिणींनो, पुढचा महिनाभर मी ही बातमी एखाद्या मालिकेसारखी रोज पाहिली, वाचली, आणि त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण ही गोष्ट लंडनची असली, तरी तिच्यातला प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातला आहे.

झालं होतं असं. लिझ ट्रस यांना पंतप्रधान होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते. त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी 23 सप्टेंबरला संसदेत एक योजना मांडली. (आपल्याकडे तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. त्या दिवसांत आपण साधा फ्रीजसुद्धा घरी आणत नाही, पण ते सोडा.) योजनेत सुमारे 45 अब्ज पौंडांची, म्हणजे साडेचार हजार कोटी पौंडांची करकपात होती. कंपन्यांवरचा कर 19 वरून 25 टक्के होणार होता, ती वाढ रद्द. राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीतली वाढ रद्द. प्राप्तिकराचा मूळ दर 20 वरून 19 टक्के. आणि वर्षाला दीड लाख पौंडांहून जास्त कमावणाऱ्यांचा 45 टक्क्यांचा दर पूर्णच काढून टाकायचा. त्यांनीही 40 टक्केच द्यायचे.

आता साधं गणित करून पाहू. वर्षाला 25 हजार पौंड कमावणाऱ्या बाईचे प्राप्तिकरातून वाचणार होते सव्वाशे पौंडांच्या आत-बाहेर. विम्याच्या वर्गणीतून आणखी दीडशे. आणि दहा लाख पौंड कमावणाऱ्या साहेबांचे, नुसता वरचा दर गेल्यामुळेच, साडेबेचाळीस हजार. हे वर्षाचे आकडे झाले. माझ्या भाचीचा हप्ता पुढे वाढला तो मात्र दरमहा.

सरकारचं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं, हेही सांगायला हवं. ब्रिटनची वाढ कित्येक वर्षं रखडली होती, युक्रेनच्या युद्धानं गॅस आणि विजेची बिलं भडकली होती. कर कमी केले तर उद्योग वाढतील, उद्योग वाढले तर सरकारची कमाई वाढेल, असा त्यांचा विचार. पण तोवर पैसे कुठून आणणार? उत्तर एकच होतं : कर्ज काढून. वीज-गॅसच्या बिलांसाठी लोकांना मदत द्यायचं त्याआधीच जाहीर झालं होतं. त्याचाही मोठा भार कर्जावरच पडणार होता.

आणि खरी गोम पुढेच आहे. ब्रिटनमध्ये 2010 पासून एक स्वतंत्र संस्था आहे, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी. सरकारनं बजेट मांडलं, की हे आकडे जमतात की नाही, कर्ज किती वाढेल, याचा अंदाज ती जाहीर करते. ही संस्था काढली ट्रस यांच्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यांनी. पण या वेळी तिचा अंदाज प्रसिद्धच केला नाही. हे ‘बजेट’ नाहीच, असं म्हटलं की झालं! त्याआधी थोडेच दिवस अर्थखात्यातल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्यालाही, टॉम स्कॉलर यांना, पदावरून काढलेलं होतं. म्हणजे हिशेब लिहिणारा घरी पाठवला, हिशेब तपासणाऱ्याला बोलावलं नाही, आणि वर उधारी मागायला बाजारात गेले.

सावकार काय करणार? जो हिशेब दाखवत नाही, त्याला तो जास्त व्याज लावतो. सरकार कर्जरोखे विकून पैसे उभे करतं. ते रोखे घ्यायला लोक कचरू लागले. त्यांची किंमत कोसळली, व्याज चढलं, आणि त्या व्याजावरच घरकर्जाचे दर ठरत असल्यामुळे बँकांनी आपले जुने दर मागे घेतले. घटस्थापनेच्या त्याच सोमवारी पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकी पातळीला गेला, 1.03 डॉलरच्या आसपास.

त्यात पेन्शन फंडांची भानगड निघाली. ती मला समजली ती सोन्याच्या उदाहरणानं. समजा, एखादीनं पाटल्या तारण ठेवून पैसे उचलले. सोन्याचा भाव पडला, की सावकार म्हणतो, आणखी तारण आण, नाहीतर रोख भर. रोख आणायला ती घरातला हार विकते. आता अख्ख्या गल्लीनं असंच केलं असेल, तर सगळ्या एकदम सोनं विकायला निघतात, भाव आणखी पडतो, आणि सावकार पुन्हा दारात उभा. पेन्शन फंडांनी सरकारी रोख्यांच्या बाबतीत असंच काहीसं करून ठेवलं होतं. शेवटी 28 सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. गरज पडल्यास 65 अब्ज पौंडांपर्यंत रोखे घेऊ, असं तिनं जाहीर केलं. प्रत्यक्षात 19 अब्जांच्या थोडं वर घ्यावे लागले, तेव्हा कुठे चक्र थांबलं.

टीका तर चारी बाजूंनी होत होतीच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, जो एरवी आपल्यासारख्या देशांना सुनावतो, त्यानं ब्रिटनला सांगितलं की अशा सरसकट सवलती या वेळी योग्य नाहीत, त्यानं विषमता वाढेल. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती दुसरीच टीका, आणि तीही भाचीनंच सांगितली.

तो गुरुवार होता, 29 सप्टेंबर. ट्रसबाई बरेच दिवस जाहीरपणे काही बोललेल्या नव्हत्या. त्या सकाळी त्यांनी बीबीसीच्या आठ स्थानिक रेडिओ केंद्रांना एकामागून एक मुलाखती दिल्या. लीड्स, नॉटिंगहॅम, केंट, स्टोक अशी ही केंद्रं. लंडनच्या बड्या पत्रकारांपेक्षा गावाकडची ही मंडळी सोपी जातील, असं कुणाला वाटलं असेल तर ते साफ चुकलं. लीड्सच्या निवेदिकेनं पहिलाच प्रश्न टाकला, की इतके दिवस होतात कुठे तुम्ही? केंटच्या केंद्रानं श्रोत्यांचे प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवले; तुम्ही जे केलंत त्याची लाज वाटते का, असंही त्यात होतं. नॉटिंगहॅम म्हणजे रॉबिन हूडचं गाव. तिथं विचारलं गेलं, की हे तर उलटं रॉबिन हूड झालं, गरिबांचं काढून श्रीमंतांना द्यायचं? स्टोकच्या निवेदकानं म्हटलं, विजेच्या बिलात वाचवलंत त्याहून जास्त लोकांच्या घरकर्जात जाणार, त्याचं काय? त्यावर पलीकडून काही क्षण शांतताच.

भाची गाडीतून कामावर जाताना हे ऐकत होती. “मावशी, मी सिग्नलला थांबले होते. शेजारच्या गाडीतली बाईपण तेच ऐकत होती. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.” तिला त्या हसण्याचं फार अप्रूप. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती म्हणाली, आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्यानं विचारलं.

यातले बहुतेक प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकातले नव्हते. पैसे कुठून आणणार, माझा हप्ता का वाढला, हिशेब का दाखवला नाहीत, एवढंच. आणि नेमक्या याच प्रश्नांना उत्तर नव्हतं.

माझे वडील हाताचे सढळ. कुणाला मदत कबूल कर, कुणाचं लग्न अंगावर घे, असं बैठकीत बसून ठरवायचे. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, “पैसे कुठून आणणार?” त्यावर वडिलांचं ठरलेलं उत्तर, “तुला काय कळतंय त्यातलं?” महिनाअखेरीला किराणा दुकानदाराकडे वही घेऊन आईच जायची. तिला कळत होतं, म्हणून तर ती विचारत होती.

पुढचं सगळं सणांच्या तारखांवर माझ्या लक्षात राहिलंय. अष्टमीला, 3 ऑक्टोबरला, श्रीमंतांच्या करमाफीचा निर्णय सरकारनं मागे घेतला. 14 ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना नाणेनिधीच्या बैठकीतून अर्ध्यावर परत येऊन पद सोडावं लागलं. नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी 17 तारखेला जवळजवळ सगळीच करकपात गुंडाळून ठेवली. आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी, 20 ऑक्टोबरला, ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. अवघे पंचेचाळीस दिवस! एका वर्तमानपत्रानं कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवला होता, आधी कोण कोमेजतं ते पाहायला. गड्डा जिंकला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण नंतर वाटलं, चेष्टा चार दिवसांची असते. बाईला हिणवणं आणि बाईच्या हिशेबातली चूक दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेडिओवरच्या त्या प्रश्नांनी दुसरी गोष्ट केली, म्हणून त्यांचं मोल जास्त.

ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऋषी सुनक यांची निवड झाली. आपल्याकडे काय आनंद! सुधा मूर्तींचे जावई इंग्लंडचे पंतप्रधान! कर्ज काढून कर कमी केले तर व्याज चढेल, असा इशारा त्यांनी आधीच दिला होता, हे खरं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी अक्षता मूर्ती यांच्यावरही तिथं कडक टीका झाली होती. परदेशातल्या कमाईवर त्या ब्रिटनमध्ये कर भरत नव्हत्या. ते कायद्यात बसत होतं. तरी लोकांनी विचारलं, आणि पुढे त्यांनी तो कर भरायचं मान्य केलं. आपला जावई म्हणून पेढे वाटावेत, जरूर वाटावेत. पण हिशेब विचारताना आपला-परका करू नये, हे तिथल्या लोकांकडून शिकण्यासारखं.

अशी टीका करून होतं काय, असं तुम्ही म्हणाल. एक उदाहरण सांगते. 2022 च्याच जानेवारीत, कमी पैशांतल्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी किराण्याचे भाव लोकांसमोर मांडले. सुपरमार्केटमधला सर्वांत स्वस्त पास्ता वर्षापूर्वी 29 पेन्सला मिळत होता, आता तिथं 70 पेन्सच्या खाली मिळत नाही. महागाईचा सरकारी आकडा सांगता तो कुणाच्या टोपलीचा, असा सवाल. यावर ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं सर्वांत स्वस्त वस्तूंचे भाव वेगळे मोजून प्रसिद्ध करायला घेतलं. पहिल्या मोजणीत एकूण वाढ सर्वसाधारण महागाईएवढीच निघाली, पास्ता मात्र दीडपट झालेला होता. सप्टेंबरपर्यंतच्या मोजणीत या स्वस्त वस्तू वर्षात सरासरी 17 टक्क्यांनी महागलेल्या दिसल्या. तेल 65, पास्ता 60, चहा 46 टक्क्यांनी. हे आकडे डोळ्यांसमोर आले, ते किराण्याची पावती जपून ठेवणाऱ्या माणसानं विचारलं म्हणून.

आता तुमच्यातली एखादी अर्थशास्त्र शिकलेली म्हणेल, की देश म्हणजे काही घर नव्हे. बरोबर आहे. मार्गारेट थॅचर नेहमी घरखर्चाचं उदाहरण द्यायच्या. घर चालवणाऱ्या बाईला देश चालवण्यातल्या अडचणी लवकर समजतील, असं त्यांचं म्हणणं. पण घर नोटा छापू शकत नाही. घरातली कर्ती माणसं म्हातारी होतात, सरकार होत नाही. मंदीत घरानं हात आखडावा, सरकारनं मात्र कधीकधी कर्ज काढून खर्च करावा, हेच शहाणपणाचं असतं. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावेत हा नियम देशाला जसाच्या तसा लागू नाही. पण कर्ज काढण्याआधी हिशेब उघडा करावा, हा नियम दोघांनाही लागू आहे. ट्रस सरकार अडलं ते तिथं.

नंतरच्या सरकारलाही यातून सुटका मिळाली नाही. जुलै 2024 च्या निवडणुकीत ट्रस स्वतः 630 मतांनी पडल्या. मजूर पक्ष आला, रेचल रीव्ह्ज ब्रिटनच्या पहिल्या महिला अर्थमंत्री झाल्या. त्यांनी पहिल्याच वर्षी कायदा करून घेतला, की कर आणि खर्चाचे मोठे निर्णय तपासणीला डावलून जाहीर केले, तर त्या स्वतंत्र संस्थेला आपणहून अहवाल देता येईल. पण त्याच रीव्ह्जबाईंनी तिजोरीत खड्डा आहे म्हणत म्हाताऱ्या माणसांना थंडीत मिळणारी दोनशे-तीनशे पौंडांची मदत बहुतेकांची बंद केली. पुन्हा लोक बोलले. आजीआजोबांच्या शेगडीवरच का हात घातलात, म्हणून विचारू लागले. शेवटी जून 2025 मध्ये वर्षाला 35 हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती मदत परत द्यावी लागली. पक्ष बदलला, अर्थमंत्री बाई झाली, प्रश्न तेच राहिले, आणि ते राहायलाच हवेत.

एक मात्र खरं. टीकेनं सरकार नमलं, माझ्या भाचीचा हप्ता काही नमला नाही. दसऱ्यानंतर तिला दर मिळाला तो सहा टक्क्यांचा. हप्ता बाराशे नव्वद. म्हणजे जुन्या हप्त्यापेक्षा चारशे चाळीस पौंड जास्त, तेव्हाच्या भावानं आपले चाळीस हजार रुपये, दर महिन्याला. त्यातले अडीचशे-पावणेतीनशे जगाच्या महागाईचे होते, हे तीही मान्य करते. उरलेले पावणेदोनशे तिच्या सरकारनं हिशेब न दाखवता केलेल्या धाडसाचे. दोन वर्षं तिनं ते भरले. भारतातली फेरी एका वर्षाऐवजी दोन वर्षं पुढे गेली. त्या मधल्या काळात माझ्या बहिणीनं नातवाची उंची नुसती फोनच्या पडद्यावरच पाहिली. प्रश्न उशिरा विचारला गेला की किंमत अशी मोजावी लागते.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतेय? वीसेक वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी एका मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं ठरवलं. दुसरा जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. कागद घेऊन माणसं घरी आली, बैठकीत बसली. मी आत जाऊन चहा ठेवला, बाहेर येऊन दाखवतील तिथं सही केली. किती कर्ज, कशासाठी, त्यानं नाही फेडलं तर आपण कुठून आणणार, एक अक्षर विचारलं नाही. रोज आईचा तो प्रश्न ऐकत वाढलेली मी! चारचौघांत विचारलं तर ह्यांना कमीपणा येईल, असं वाटलं. मित्रानं दीड वर्षात गाव सोडलं. पुढची चार वर्षं हप्ते आम्ही भरले. माझ्या पाटल्या त्यात गेल्या. ह्यांनी नंतर एकदाच म्हटलं, “तू तेव्हा विचारलं असतंस तर मीपण थांबलो असतो गं.” त्या वाक्याचा मला राग आला आणि ते खरंही होतं.

मैत्रिणींनो, म्हणून लंडनच्या त्या गडबडीची आठवण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. एका देशाच्या पंतप्रधानांना गावाकडच्या रेडिओवरची एक बाई विचारू शकते, तर आपण आपल्या घरात, बचत गटात, ग्रामसभेत का विचारू नये? भांडायला नको, आवाज चढवायला नको. आकडा किती, कशासाठी, पैसे कुठून आणणार, आणि हिशेब कुठे लिहिलाय, एवढंच. “तुला काय कळतंय” असं कुणी म्हणालंच, तर समजावून सांगा म्हणावं, मी बसलेय.

आणि पुढच्या वेळी कागद घेऊन कुणी सहीला आलं, तर चहा ठेवायला लगेच उठू नका. आधी कागद हातात घ्या, नीट वाचा. चहा दहा मिनिटं उशिरा झाला तरी चालतो.